आवडलेलं पुस्तक चार जणांपर्यंत पोहोचवायचं तर साध्या वाचकानं काय करावं?

तुम्ही विचारलंय की एका फारशा माहीत नसलेल्या लेखकाचं पुस्तक तुम्हाला मनापासून आवडलं. तुम्ही प्रकाशक नाही, विक्रेते नाही, तर नुसता वाचक म्हणून त्यासाठी काय करता येईल? पुष्कळ करता येतं. मी बारा-तेरा वर्षं हा उद्योग करतेय, त्यातलं उपयोगी पडलेलं सांगते.

"फार सुंदर आहे, नक्की वाचा" एवढं सांगून माझ्या ओळखीत कुणीही पुस्तक उघडलेलं नाही. लोक हो म्हणतात आणि विसरतात. वाचून दाखवलं की मात्र कान देतात. एकदा डिसेंबरात आत्याकडे गेले होते. ती आणि शेजारच्या काकू मटार सोलत बसल्या होत्या. माझ्या पिशवीत एका शिक्षिकेच्या आठवणींचं पुस्तक होतं. बदलीच्या गावातला पहिला दिवस, शाळेला कुलूप, आणि किल्ली कुणाकडे असते ते गावात कुणालाच माहीत नाही, असा त्यात एक प्रसंग आहे. तो मी मोठ्यानं वाचला. अडीच पानं असतील. शेवटचा परिच्छेद मुद्दाम ठेवला. काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मग मिळाली का गं किल्ली?" मी पुस्तक तिथंच ठेवून आले. फेब्रुवारीत ते परत आलं, तोवर चार घरं फिरलं होतं आणि काकूंनी स्वतःची प्रत मागवली होती. तेव्हा पान आधी हेरून ठेवा. पहिलंच पान हवं असं नाही. माणसं बोलताहेत असं मधलं पान बहुतेक वेळा जास्त चालतं.

पुस्तक उसनं द्यायला जीव होत नसेल तर दोन प्रती घ्या, एक फिरती. कुणाला कधी दिली ते वहीत लिहायचं आणि न संकोचता परत मागायची. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला वाण म्हणून पुस्तक देणाऱ्या बायका आता बऱ्याच ठिकाणी दिसतात. मीही छोटी पुस्तकं देते. स्टीलची वाटी घरात आधीच दहा असतात.

आता वाचनालय. याकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं काम इथंच होतं. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजाराच्या आत-बाहेर असते, त्यामुळे गावोगावच्या वाचनालयांनी घेतलेल्या थोड्या प्रतींनीही फरक पडतो. अनुदान मिळालं की खरेदी होते, आणि त्या वेळी ग्रंथपालांसमोर वाचकांच्या मागण्या असतील तर त्यांनाही निवड सोपी जाते. मागणीच्या वहीत नाव, लेखक, प्रकाशक, किंमत असं पूर्ण लिहा. आणखी दोन सभासदांना लिहायला सांगा. पुस्तक आलं की स्वतः एकदा नावावर घ्या. कपाटातच राहिलेल्या पुस्तकाच्या लेखकाचं दुसरं पुस्तक कुणी मागवत नाही.

तुमच्याकडे वाचनालय नसेल तर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम डोळ्यांसमोर ठेवा. 2009 साली तो सुरू झाला. पुस्तकांनी भरलेली पेटी एका गटाकडे जाते, गटातले लोक आपसांत वाचतात, आणि काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलते. दुबईतल्या मराठी माणसांपर्यंतही या पेट्या गेल्या. सोसायटीतली पाच घरं मिळून हेच लहान प्रमाणावर करू शकतात. आम्ही तीन घरांनी केलं, जमलं.

पुस्तकाबद्दल लिहिणार असाल तर वर्तमानपत्रातल्या परीक्षणांच्या खाली जी ओळ असते ती विसरू नका: प्रकाशक, पानं, किंमत. मुखपृष्ठाचा फोटो टाकून लोक थांबतात आणि वाचणाऱ्याला पुस्तक कुठून घ्यायचं तेच कळत नाही. एखादा प्रसंग सांगा, हे पुस्तक कुणाला आवडेल ते सांगा. न आवडलेलंही एखादं सांगा, म्हणजे बाकीच्यावर विश्वास बसतो.

एक कळकळीची विनंती. पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर टाकू नका. आमच्या एका ग्रुपवर अगदी नव्या पुस्तकाची पीडीएफ आली, शंभरेक जणांनी अंगठे दाखवले, आणि प्रत विकत घेतल्याचं मी एकाकडूनही ऐकलं नाही. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, पण लेखकाचं नुकसान व्हायचं ते झालं. भारतात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं त्याचं लेखन कॉपीराइटच्या हक्काखाली असतं. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून 2011 पासून त्यांचं लेखन सगळ्यांना खुलं आहे. ते खुशाल पाठवा. हयात लेखकाचं मात्र विकतच घ्यायला सांगा.

आणि लेखकाला कळवा. बऱ्याच मराठी पुस्तकांत आतल्या पानावर पत्ता किंवा फोन असतो. प्रकाशकालाही दोन ओळी लिहा, विशेषतः पुस्तक संपलेलं असेल तर. पुन्हा छापावं की नाही हे ठरवताना कुणी विचारतंय का, हे ते पाहतातच.

तुमच्या प्रश्नात पुस्तकाचं नाव राहून गेलंय. नाव, लेखक, प्रकाशक आणि किंमत लिहा. शनिवारी मी वाचनालयात जाते, वहीत नोंदवून येईन.