पोर्तुगालात मासे खाताना: पाव, वजन आणि सोमवार

ऑक्टोबरात लिस्बनला बदली होतेय, घरात तिघंही मासेखाऊ, पण मुलीला कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी आहे. परक्या माणसाला हॉटेलात लुबाडतात का, आणि ताजे मासे ओळखायचे-शोधायचे कसे, असं तुम्ही विचारलंत. मी आठ वर्षं सेतुबालला राहतोय, लिस्बनच्या दक्षिणेला, ट्रेनने तासाभरावरचं बंदर. युरोपियन युनियनमध्ये माणशी सगळ्यात जास्त मासे याच देशात खाल्ले जातात, तेव्हा मिळण्याची काळजी नको. काळजी बिलाची, आणि तीही पहिले दोन महिनेच.

माझंच सांगतो. पहिल्याच महिन्यात एका हॉटेलात दाराशी बर्फावर मांडलेला रोबालु मासा वेटरने उचलून दाखवला, मी ऐटीत मान डोलावली. मेन्यूत त्याच्यापुढे ५५ लिहिलेलं. महाग वाटलं, पण पहिला पगार झाला होता. बिल आलं तेव्हा एकट्या माशाचे ७१ युरो ५० सेंट. ते ५५ युरो एका किलोचे होते आणि मासा एक किलो तीनशे ग्रॅमचा. हॉटेलवाल्याला दोष देता येईना, आकड्याशेजारी बारीक अक्षरात ‘किलो’ छापलेलं होतंच. अख्खा मासा, शेवंड, खेकडा, मोठी कोळंबी हे इथे बहुतेक ठिकाणी वजनावरच विकतात. म्हणून आधी वजन करायला सांगा आणि आकडा कागदावर लिहून मागा. कोणी वाईट मानत नाही. इथली माणसंही तेच करतात.

दुसरी गंमत पावाची. बसल्या बसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, लोणी, कधी चीजचा तुकडा येऊन पडतो. याला कुव्हेर म्हणतात, आणि तो फुकट नसतो. नको असेल तर हात न लावता परत पाठवा. न मागवलेल्या आणि न खाल्लेल्या कुव्हेरचे पैसे लावता येत नाहीत, असा कायदाच आहे. मी मात्र ऑलिव्ह ठेवून घेतो, चीज परत करतो.

हॉटेल कसं निवडायचं? लिस्बनच्या रुआ आउगुश्तासारख्या पर्यटकांच्या रस्त्यावर, जिथे दारात उभा माणूस पदार्थांचे फोटो दाखवत आत बोलावतो, तिथून सरळ पुढे चालू लागा. टेबलावर पांढरा कागद अंथरलेला, काचेवर हाताने लिहिलेली आजच्या जेवणाची चिठ्ठी, बाहेर कोळशाचा धूर, आणि साडेबाराच्या ठोक्याला आत शिरणारे जवळपासचे कामगार, अशी जागा धरा. ‘प्रातु दु दीया’ म्हणजे त्या दिवसाचं ताट घ्या, किंवा ‘मेया दोझ’ म्हणजे अर्धी प्लेट. नाव अर्धीचं, पण एकाला पोटभर होते. अशा जागी कधीकधी परदेशी कार्ड चालत नाही, वीसेक युरो रोख खिशात असू द्या. आणि कर क्रमांक मिळाला की पैसे देताना तो सांगून पावती घ्या. हॉटेलच्या बिलातल्या व्हॅटचा १५ टक्के भाग वर्षाच्या आयकरातून वजा होतो, कुटुंबामागे २५० युरोंपर्यंत.

आता खरा मुद्दा, ताजेपणा. सोमवारी हॉटेलात मासे मागवू नका. रविवारी बहुतेक होड्या निघत नाहीत, आमचं लिव्रामेंतु मार्केटही सोमवारी बंद असतं. सार्दिनचं तर वेळापत्रकच आहे. उन्हाळ्यात ती चरबीने भरते आणि कोळशावर पडली की स्वतःच्याच तेलात चुरचुरते. हिवाळ्यात मासेमारी बंद ठेवतात, तेव्हा ताटात आली तर गोठवलेली समजा. ऑक्टोबरात आलात तर मोसमाचं शेपूट हाती लागेल.

दोराद आणि रोबालु हे दोन मासे सगळीकडे दिसतील. स्वस्त दिसले तर ते मत्स्यशेतीतले, म्हणजे पाळलेले, बरेचदा ग्रीस-तुर्कस्तानातून आलेले. वाईट नसतात, पण चव एकसारखी. समुद्रातले हवे असतील तर ‘दु मार’ की ‘द आक्वाकुल्तूरा’ एवढं विचारा. मासळीच्या काउंटरवर विचारायचीही गरज नाही. युरोपियन नियमाप्रमाणे पाटीवर शास्त्रीय नाव, पकडलेला की पाळलेला, कुठल्या समुद्रातला, आणि आधी गोठवलेला होता का, हे सगळं लिहावं लागतं. २७ हा विभाग म्हणजे ईशान्य अटलांटिक, मी तोच शोधतो. ज्याची इथे पूजा होते तो बाकल्याव मात्र पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही. तो नॉर्वे, आइसलँडकडचा कॉड, खारवून वाळवलेला.

काउंटरवर कल्ले उघडून बघायला आपला हात आपोआप पुढे जातो. जाऊ देऊ नका. माझ्या हातावर एका मासेवाल्या बाईंनी ओल्या हातमोज्याने हलकीच चापट मारली होती, मग स्वतःच कल्ला उचलून लालभडक बाजू दाखवली. मशीनमधून नंबराची चिठ्ठी घ्यायची, मासा दाखवायचा आणि ‘आमान्यार’ म्हणायचं, म्हणजे साफ करून मिळतो. ‘पोश्ताश’ म्हटलं की तुकड्या. डोकं हवं असेल तर आधीच बोला, नाहीतर क्षणात बादलीत जातं. बांगड्याचा जातभाई कावाला इथे फार स्वस्त, लोक त्याला काहीसं कमी लेखतात. आपली चंगळ. वाकटी-बळ्याच्या घरातला वाटावा असा लांब काळा पेइश-श्पादा शेजारच्या सेझिंब्रा बंदरात उतरतो, काटे कमी, मुलीला आवडेल.

चव अळणी वाटेल, आधीच सांगतो. भाजलेला मासा म्हणजे मीठ, ऑलिव्ह तेल, उकडलेला बटाटा, संपलं. ‘पिरी-पिरी’ मागितलीत की मिरचीचं तेल येतं. तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, ‘बुल्यांव पातु’ या पदार्थात मात्र लसूण आणि भरपूर कोथिंबीर असते, पहिल्या रात्री तोच मागवा.

कुणी खरंच लुबाडलं तर भांडत बसू नका, ‘लिव्रु द रेक्लामासोंइश’ मागा. ही तक्रारवही प्रत्येक हॉटेलात ठेवणं सक्तीचं आहे. मी दोनदा मागितली, दोन्ही वेळा वही उघडायच्या आत बिल दुरुस्त झालं.

मुलीबद्दल. नियमातल्या १४ ॲलर्जींत कवचवाले, म्हणजे कोळंबी-खेकडे, आणि शिंपल्या-माकुलांसारखे मऊ प्राणी वेगवेगळे मोजतात, पण बोलताना वेटर सगळ्यालाच ‘मारिश्कु’ म्हणतो. त्यामुळे ‘आलर्जीया आ क्रुश्तासियुश’ (alergia a crustáceos), म्हणजे कवचवाल्यांची ॲलर्जी, हे नेमके शब्द कागदावर लिहून दाखवा. शिवाय सेतुबालची तळलेली शोकु, म्हणजे सेपिया, तिला डॉक्टरांनी चालेल म्हटलं असलं तरी कढईतलं तेल कोळंबीचंही आहे का, ते विचारल्याशिवाय देऊ नका. मासेही त्याच तेलात तळतात. आणि भातावरचा रस्सा नकोच, कोळंबीच्या डोक्यांचाच काढलेला असतो बरेचदा.