वळणावर डबा घसरतो म्हणून चाकं बदलू नका

कणकवलीहून तुम्ही विचारलंत की लेकीसाठी लेगोच्या ठोकळ्यांचा लाल एलएचबी डबा (आपल्या रेल्वेचा नव्या बनावटीचा डबा) अगदी मापात बनवला, ८ बटणं रुंद आणि ५८ बटणं लांब. (बटण म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा.) एकटा डबा कुठेही धावतो, पण दोन जोडले की वळणात शिरताना मागचा घसरतो. तर चाकं बदलू का?

चाकं चांगली आहेत, राहू द्या. मीही पहिल्या वर्षी चाकांवरच पैसे घातले होते. दोष लांबीत आहे, आणि त्याहून जास्त जोडणीत.

मापं बघू. एक बटण ८ मिमी. लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या ४० बटणं, म्हणजे ३२ सेंटिमीटर. १६ तुकड्यांत पूर्ण गोल होतो. कोकण रेल्वेचं सगळ्यात तीव्र वळण आखलं गेलं ते १२५० मीटर त्रिज्येचं. तुमच्या १:५० मापात ते २५ मीटर होतं. घर, पडवी, खळं ओलांडून वळण शेजाऱ्याच्या बागेत जाईल. म्हणजे खऱ्या डब्यावर कधीच येत नाही असा प्रसंग आपण आपल्या डब्यावर आणतो. तुमचा ५८ बटणांचा डबा पूर्ण वळणात असताना मधोमध सुमारे ३६ मिमी आत सरकतो आणि त्याची टोकं रुळाच्या मध्यापासून सुमारे ४७ मिमी बाहेर जातात. तुमच्या फोटोत दिसतंय की डबे जोडणारा मॅग्नेट तुम्ही डब्याच्या तळाला लावलाय. पुढचा डबा वळणात शिरलेला, मागचा अजून सरळ रुळावर. अशा वेळी पुढच्याचं शेपूट मागच्याचं नाक आडवं ओढतं, आणि चाकं रूळ सोडतात.

तेव्हा आधी मॅग्नेट बोगीवर घ्या. (बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा. आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणायची सवय, त्यामुळे इथे हमखास गोंधळ होतो.) बोगी रुळाबरोबर वळते, म्हणून ओढही रुळाच्या दिशेनेच बसते. नुसत्या एवढ्या बदलाने कदाचित तुमचा डबा चालेल. पण चालला तरी वळणावर तो विचित्र दिसेल, म्हणून लांबीही कमी करा. माझा आकडा ४० बटणं. बोगींचे मध्य एकमेकांपासून २६ बटणांवर ठेवायचे, म्हणजे दोन्ही टोकांना ७-७ उरतात. मग मधला भाग १७ मिमीच आत येतो.

लांबी कापताना एक चूक बरेच जण करतात: सगळ्या खिडक्या ठेवतात आणि प्रत्येक अरुंद करतात. तसं केलं की डबा आपला वाटतच नाही. एलएचबी स्लीपरला १० कप्पे, ८० बर्थ. त्यातले ६ कप्पे ठेवा, प्रत्येकाला पुरती ५ बटणं द्या, उरलेली ५-५ दोन टोकांना दारं आणि संडासासाठी. बघणारा कप्पे मोजत नाही, खिडकीचा आकार मात्र त्याला पाठ असतो. गजांसाठी १×२ चा जाळीचा तुकडा, बाजूला बटण असलेल्या ठोकळ्यावर आडवा बसवा. खिडकीवर आडवे गज आले की गाडी भारतातली झाली.

रुंदी ८ ठेवलीत ते उत्तम केलंत, ती सोडू नका. लेगोच्या रुळांमधलं अंतर सुमारे ३७.५ मिमी आहे. आपलं १६७६ मिमीचं ब्रॉडगेज १:५० मध्ये ३३.५ मिमी होतं. युरोपातलं १४३५ चं गेज जेमतेम २९ होतं. म्हणजे हे रूळ तिकडच्या गाड्यांपेक्षा आपल्या गाड्यांना जास्त शोभतात! रुळांच्या अंतरावरून काटेकोर हिशोब केला तर रुंदी ९ बटणं येते, पण विषम रुंदीत डब्याचा मध्य बटणावर पडतो आणि प्रत्येक जोड अर्ध्या बटणाने सरकवत बसावं लागतं. पहिल्या गाडीला ते नको.

बोगदा करणार म्हणालात. वळणात ४० बटणांच्या डब्यालाही आत-बाहेर मिळून १० सेंटिमीटर लागतात. बोगद्याचं तोंड १६ बटणं ठेवा. एक बाजू उघडी राहू द्या, आत डबा अडकला तर हात जायला हवा.

आता खाऱ्या हवेबद्दल, कारण तुम्ही आमच्याच पट्ट्यातले. प्लॅस्टिकला काही होत नाही, त्याचा शत्रू ऊन. पांढरे आणि करडे तुकडे खिडकीत ठेवले की पिवळे पडतात. धातूचे आस मात्र पावसाळ्यात गंज धरतात. माझे एका जुलैत इतके धरले की डबा ढकलावा लागत होता. बोगी सोडवून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. बॅटरीच्या खोक्यातले सेल मृगाआधीच काढा. धुवायचं तर साधं कोमट पाणी आणि सौम्य साबण, मग फडक्यावर पसरून पंख्याखाली.

सुटे भाग बाहेरून मागवले तर कर जड पडतो. आधी ब्रिकलिंकच्या (लेगोचे सुटे भाग विकणाऱ्या साइटच्या) स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये संगणकावर डबा जुळवा, तुकडे मोजा, मगच मागवा.

लेकीने विचारलंय की रत्नागिरीजवळचा पानवल नदीचा पूल करता येईल का. तो ६४ मीटर उंच, ४२४ मीटर लांब. १:५० मध्ये १ मीटर २८ सेंटिमीटर उंच, म्हणजे एकावर एक १३३ विटा, आणि लांबी साडेआठ मीटर. तिला सांगा, होईल, पण सगळा नाही. मी तीन खांबांचा तुकडाच केलाय, निम्म्या उंचीचा: प्रत्येक खांब ६×६ चा, आतून पोकळ, दर १० विटांनी आडव्या प्लेटने बांधलेला. पायाशी मोठी बेसप्लेट हवीच, नाहीतर मांजर शेजारून गेलं तरी खांब हलतो. पुलावर रूळ सरळच ठेवा. पहिला खांब तिलाच रचू द्या. खांब टेबलावर रचलात तर ६० च्या पुढच्या विटा लावायला तिला खुर्चीवर उभं राहावं लागेल, तेव्हा खुर्ची तुम्ही धरा.