उन्हाळ्यातील बोन्साय: वाचकांचे प्रश्न

बोन्सायविषयी आलेल्या पत्रांतील बहुतेक प्रश्न पाने गळण्याचे आणि झाड अचानक वाळण्याचे आहेत. उन्हाळ्यात आपले लक्ष पानांकडे जाते, परंतु उथळ कुंडीतले झाड प्रथम मुळांशी संकटात सापडते, म्हणून पुढील उत्तरांत कुंडी, माती आणि मुळे यांचाच विचार अधिक केला आहे.

प्रश्न: माझ्या गच्चीवर वडाचे जुने बोन्साय आहे. एप्रिलपासून दुपारी त्याची पाने मलूल होऊन झुकतात. दिवसातून तीन वेळा पाणी घालते, तरी पाने पिवळी पडून गळत आहेत. पाणी आणखी वाढवावे का? (नागपूर)

कृपया लगेच वाढवू नका. आधी बांबूची एक बारीक काडी मातीत तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी बाहेर काढा. ती खालपर्यंत ओली निघाली, तर झाडाला पाण्याची टंचाई नाही. त्याच्या मुळांना ते पाणी ओढता येत नाही, हे खरे कारण आहे. जमिनीतल्या वडाची मुळे खोल, थंड थरांत उतरतात, तर बोन्सायच्या मुळांना चार बोटे मातीतच राहावे लागते. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, की तापलेल्या स्लॅबवर ठेवलेली कुंडी खालून आणि कडेने अशी दोन्हीकडून भाजून निघते. दुपारी तीनच्या सुमारास कुंडीच्या पश्चिमेकडील बाजूला तळहात लावून पाहा. हात ठेववत नसेल, तर त्या भिंतीला आतून चिकटलेली केसासारखी बारीक मुळे करपू लागली आहेत असे समजावे. पाणी शोषण्याचे काम मुख्यतः हीच मुळे करतात. ती गेली, की माती ओली असूनही पाने झुकतात, ती पाहून आपण आणखी पाणी घालतो, आणि सतत भिजलेल्या मातीत हवा न उरल्याने राहिलेली मुळेही कुजू लागतात.

काडी कोरडी निघाली, तर कारण वेगळे आहे. काळी माती आणि शेणखत यांचे मिश्रण एकदा पूर्ण वाळले, की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग झारीने घातलेले पाणी त्या फटीतून थेट खालच्या भोकांवाटे निघून जाते, आणि मधला मुळांचा गोळा कोरडाच राहतो. अशा वेळी टबात पाणी घेऊन कुंडी काठापर्यंत बुडवावी, बुडबुडे येणे थांबले की बाहेर काढून पूर्ण निथळू द्यावी.

दोन्ही स्थितींत कुंडी आजच हलवा. सकाळी नऊ-दहापर्यंत कोवळे ऊन मिळेल आणि नंतर सावली येईल, अशी पूर्वेकडील जागा सर्वांत चांगली. ती नसेल, तर ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी बांधावी, मात्र ती झाडापासून बरीच उंच असावी, म्हणजे खाली हवा खेळती राहते. कुंडी विटांवर किंवा लाकडी फळीवर उचलून ठेवावी आणि तिच्या बाहेरून ओले गोणपाट गुंडाळावे, फक्त तळाची भोके मोकळी राहिली पाहिजेत. पाणी पहाटे द्यावे, भोकांतून वाहेपर्यंत द्यावे, पाच मिनिटे थांबून पुन्हा एकदा द्यावे. दुसरी पाळी सूर्य कलल्यावर. दुपारी काडी कोरडी निघाली तरच पाणी द्यावे, आणि तेही सावलीत भरून ठेवलेल्या बादलीतले. गच्चीवरच्या पाइपात उन्हाने तापलेले पाणी मुळांवर कधीही सोडू नये.

वड चिवट आहे. फांदीच्या टोकाचा कोंब टणक असेल आणि नखाने किंचित खरवडल्यावर सालीखाली हिरवे दिसून चीक येत असेल, तर ती फांदी जिवंत आहे. जुनी पाने गळाली म्हणून घाबरू नका, पण नवतपा (मे अखेरीचे सर्वाधिक तापणारे नऊ दिवस) संपेपर्यंत छाटणी, तार बांधणे किंवा पाने काढणे यांतले काहीही करू नका.

प्रश्न: जानेवारीत प्रदर्शनातून जुनिपर घेतले आणि दिवाणखान्यात ठेवले. परवापर्यंत ते हिरवे होते, आता एकाएकी तपकिरी झाले आहे. ते वाचेल का? (पुणे)

जुनिपर हे सूचिपर्णी झाड एकाएकी वाळत नाही. त्याचे वाळणे आपल्याला उशिरा दिसते. वडासारखी त्याची पाने झुकत नाहीत, आणि मुळे मेल्यावरही रंग काही आठवडे टिकून राहतो. पालवी बोटांनी चुरडून पाहा. ती सर्वत्र कुरकुरीत होऊन गळत असेल, तर ते झाड परत येणार नाही, हे स्पष्ट सांगणे मला भाग आहे. एखादी फांदी अजून लवचिक असेल, तर कुंडी मोकळ्या हवेत, सकाळचे ऊन मिळेल अशा ठिकाणी ठेवावी आणि मातीचा वरचा थर सुकू लागल्यावरच पाणी द्यावे. जुनिपरला बंद खोली कोणत्याच ऋतूत मानवत नाही.

नव्याने झाड निवडताना आपल्या हवेत वाढलेल्या झाडांना आधी संधी द्यावी, असे माझे ठाम मत आहे. वड, पिंपळ, उंबर, चिंच, करवंद ही झाडे आपला उन्हाळा ओळखतात, आणि त्यांचे जुने बुंधे कोणत्याही परदेशी झाडाइतकेच देखणे होतात.

प्रश्न: कामिनीच्या पानांवर बारीक फिकट ठिपके पडून ती धुरकट दिसू लागली आहेत. कीटकनाशक फवारले, पण उपयोग झाला नाही. (नाशिक)

फांदीखाली पांढरा कागद धरून तिच्यावर हलकेच टिचकी मारा. कागदावर पडलेले धुळीसारखे कण चालू लागले, तर तो लाल कोळी आहे. कोरड्या उष्ण हवेत त्याची एक पिढी आठवडाभरातच तयार होते. तो कीटक नसल्याने अनेक कीटकनाशके त्याच्यावर चालत नाहीत, उलट त्याला खाणारे ढालकिडे मात्र त्यांनी मरतात. दर तीन-चार दिवसांनी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब मिसळून सूर्यास्तानंतर फवारावे आणि दुसऱ्या दिवशी झाड सावलीत ठेवावे, कारण तेल लागलेली पाने उन्हात भाजतात.

प्रश्न: मुळे कुंडीबाहेर डोकावत आहेत. मे महिन्यात कुंडी बदलून खत द्यावे का? (जळगाव)

नाही. मुळे कापलेल्या झाडाला ही झळ सोसत नाही. उंबर, पिंपळ यांची कुंडी मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर बदलावी. नवीन मिश्रणात चाळून भुकटी काढलेले विटांचे बारीक खडे भरपूर घालावेत. रासायनिक खत तूर्त थांबवावे. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसत असेल, तर तो बोअरच्या पाण्यातील क्षारांचा असू शकतो. तो खरवडून कुंडीतून एकदा भरपूर गोडे पाणी वाहू द्यावे.

प्रश्न: आम्ही आठ दिवस गावी जाणार आहोत. कुंड्यांचे काय करावे? (ठाणे)

पाण्याची सवय असलेला शेजारी हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. तो नसेल, तर रुंद ट्रेमध्ये जाड वाळू भरून ती भिजवावी, तिच्यात कुंड्या बोटभर रोवून सावलीत जवळजवळ ठेवाव्यात, आणि पाण्याच्या बादलीतून सुती वात प्रत्येक कुंडीच्या मातीत सोडावी. बादली कुंड्यांपेक्षा थोडी उंच असावी. ही व्यवस्था निघण्यापूर्वी दोन दिवस चालवून पाहावी, म्हणजे कोणती वात ओढत नाही ते कळते. झाडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नयेत. जेड आणि अडेनियम ही अंगात पाणी साठवणारी झाडे मात्र या ट्रेमध्ये ठेवू नका. निघताना एकदा पाणी दिले, की ती आठ दिवस सहज काढतात.