नवरा काजूच्या हंगामावर, घरचा निर्णय कोणाचा?

"ताई, तीन-तीन दिवस त्यांचा फोन नसतो. तिकडे दुसरी कोणी असेल का?" फेब्रुवारी ते मे या काळात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या बायका माझ्याकडे बहुतेक हीच चिंता घेऊन येतात. त्यातल्या एकीबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तिचा नवरा दर वर्षी नेत्रावळीकडच्या डोंगरात काजूच्या भट्टीवर जातो. बोंडू वेचायचे, कोळंबीत, म्हणजे खडकातल्या कुंडात, मळायचे, रस आंबला की भाण, म्हणजे फेणी गाळायचं भांडं, चढवायचं. जाळ सोडून उठता येत नाही, त्यात रेंज नाही. शिमग्यालाही तो घरी नसतो. हे सगळं तिला ठाऊक होतं, तरी झोप उडाली होती.

मी संशयाचा विषय बाजूला ठेवला आणि शेवटचं रडू कधी आलं ते विचारलं. मुलाला ताप भरला तेव्हा, म्हणाली. वाळपईला न्यायला दिराकडे पैसे मागावे लागले आणि "एवढी कसली घाई?" हेही ऐकून घ्यावं लागलं. नवऱ्याची कमाई दिराच्या खात्यात येते. गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये तिच्या नावावर जमा होतात, पण एटीएम कार्ड सासूच्या पेटीत! मूल, गुरं, सासूची औषधं सगळं हिच्या अंगावर, आणि पाचशेची नोट मात्र मागून घ्यायची. माझ्या मते तिची झोप यानेच उडवली होती. संशय नंतर आला.

नवरा मध्ये दोन दिवस आला तेव्हा दोघांशी एकत्र बोलले. तो चिडला नाही, ओशाळला. कार्ड तिच्याकडे, घरखर्च थेट तिच्या खात्यात आणि बुधवारी-रविवारी तो रेंजच्या जागी येऊन फोन करणार, असं ठरलं. मुलाच्या आजारपणात तिने कोणाला विचारायचं नाही, हे त्यानेच आईसमोर सांगावं असा मी आग्रह धरला. सुनेने सांगितलं तर तो उद्धटपणा ठरतो.

आणखी एक गोष्ट तिला माहीत नव्हती. गोव्यात वेगळा करार न करता लग्न झालं असेल, तर १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार नवरा-बायको मालमत्तेचे निम्मे-निम्मे मालक असतात आणि बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला जमीन विकता येत नाही. ती बराच वेळ गप्प बसली.

सासू अजून तुटकच बोलते. झोप मात्र परतली आहे. तुमची परतत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, रात्रीसुद्धा. आणि नवरा हंगामावर निघण्याआधीच पैसे कोणाच्या खात्यात येणार, ते ठरवून घ्या.