जुन्या अमेरिकी वृत्तपत्रांतील कॉमिक स्ट्रिप्स कुठे मिळतील आणि त्या वाचायला सुरुवात कशापासून करावी?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील स्ट्रिप्स विनामूल्य वाचायच्या असतील, तर लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘क्रॉनिक्लिंग अमेरिका’ हा जुन्या वृत्तपत्रांचा ऑनलाइन संग्रह आधी उघडावा. तेथे कापून वेगळी काढलेली स्ट्रिप नव्हे, तर बातम्या आणि जाहिरातींसह त्या दिवशीचे संपूर्ण पान दिसते, आणि एरवी न कळणारे कितीतरी विनोद त्या शेजारामुळे उलगडतात. मात्र बहुतेक पाने मायक्रोफिल्मवरून (पानांची अगदी लहान आकारातील छायाचित्रे असलेल्या फिल्मवरून) घेतलेली असल्याने कृष्णधवल आहेत, त्यामुळे रविवारच्या रंगीत पुरवणीची मजा तेथे मिळत नाही.

रंगांसाठी ओहायो स्टेट विद्यापीठाच्या बिली आयर्लंड कार्टून लायब्ररीच्या डिजिटल संग्रहातील निवडक पाने पाहावीत. मायक्रोफिल्म तयार झाल्यावर अमेरिकेतील ग्रंथालये मूळ अंक काढून टाकत असताना सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल ब्लॅकबिअर्ड यांनी ते अक्षरशः घर भरेपर्यंत जमवले. सुमारे ७५ टनांचा तो साठा पुढे याच ग्रंथालयात आला. रंगीत रविवार-पानांचे आजचे अनेक पुस्तकरूप संग्रह या एका माणसाच्या हट्टामुळे शक्य झाले, असे मला वाटते.

सुरुवात विन्सर मॅके यांच्या ‘लिटल निमो इन स्लंबरलँड’पासून करावी. १५ ऑक्टोबर १९०५ रोजी ‘न्यूयॉर्क हेरल्ड’मध्ये सुरू झालेली ही मालिका वृत्तपत्राचे अख्खे पान व्यापत असे, म्हणून ती मोबाइलवर वाचू नये, मोठ्या पडद्यावर आधी सबंध पान पाहावे आणि मगच एकेका चौकटीकडे जावे. निमोच्या पलंगाचे पाय लांबलांब होऊन तो शहरावरून चालू लागतो, ते २६ जुलै १९०८ चे पान अवश्य शोधा. या मालिकेतील कृष्णवर्णीयांचे चित्रण आज खटकते आणि ते खटकायलाच हवे.

जॉर्ज हेरिमन यांची ‘क्रेझी कॅट’ (१९१३–१९४४) माझी सर्वांत आवडती असली, तरी नवख्याच्या हाती मी ती आधी देणार नाही. मांजर, वीट फेकणारा उंदीर आणि त्याला तुरुंगात टाकणारा पोलीस, एवढ्याच भांडवलावर ती अनेक वर्षे चालली. परंतु तिची इंग्रजी मुद्दाम मोडलेली असून उच्चार मोठ्याने केल्याशिवाय अर्थ लागत नाही. तिची रविवारची पाने १९१६ पासून आहेत, ती आधी वाचावीत. रोजच्या स्ट्रिप्स मात्र एका बैठकीत चार-पाचच घ्याव्यात, कारण दिवसाला एक वाचली जाईल या हिशेबानेच त्या रचलेल्या होत्या.