पान दाखव

मु. पो. हर्णै, ता. दापोली

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी रागच आला. तुझा नाही, तुझ्या शेवटच्या ओळीचा. तुमच्या वाचनगटात तू खांडेकरांची 'ययाति' कादंबरी आवडली म्हणालीस तर दोघं हसले, नेमाड्यांची 'कोसला' पुरी झाली नाही म्हणालीस तर कुणीतरी 'अजून वाच, मग कळेल' म्हणालं. पुढच्या बैठकीला तू सगळ्यांच्या हो ला हो केलंस आणि घरी येऊन मला लिहिलंस, 'माझीच आवड कच्ची असेल, काकू.'

कच्ची की पक्की, हे मी ठरवणार नाही. ठरवायला हाताशी काही आहेच कुठे? तू पान दाखवलं नाहीस. हसणाऱ्यांनीही दाखवलं नाही. इथे बंदरावर संध्याकाळी लिलाव लागतो, तेव्हा नवखी बाईसुद्धा माशाचा कल्ला उचलून बघते आणि मग भाव बोलते. तुम्ही शिकलेली मुलं कल्ला न उचलताच भाव बोलून मोकळी!

आता 'कोसला'. तू होस्टेलात अडकलीस आणि पुस्तक मिटलंस. अडकलीस ते मला समजतं. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला येतो, मेस, मंडळं, निवडणुका, फुकट जाणारी वर्षं, आणि प्रत्येक गोष्टीला 'वगैरे' लावून झटकून टाकायची त्याची सवय. मलाही तो भाग आजतागायत लांबलेला वाटतो. पण तू मनीपर्यंत पोचलीस का? ती त्याची धाकटी बहीण, देवीच्या रोगानं मरते, ती पानं वाचलीस का? इतका वेळ ज्या बोलण्यानं तो जगाला लांब ठेवत होता, ते बोलणं तिथे त्याच्या उपयोगी पडत नाही. ती पानं वाचूनही तुला काही झालं नाही तर तसं लिही, मी मान्य करीन. पण न वाचता 'मला कोसला आवडत नाही' म्हणू नकोस. 'मी होस्टेलात सोडली' एवढंच म्हण. आणि 1963 पासून पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर घेतलेलं पुस्तक आहे म्हणून आवडलंच पाहिजे, असं सांगणाऱ्यालाही हेच विचार. डोक्यावर घेतलंत ते कुठल्या पानासाठी?

'ययाति'चंही तसंच. 1959 ची कादंबरी, 1974 साली मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते खांडेकरांना. तुझ्या त्या दोघांना हसायला लावण्याइतकी ती जुनी झाली असेल. आपल्याच किनाऱ्यावर शिरोड्याला खांडेकर 1920 पासून 1938 पर्यंत मास्तर होते. शाळेतल्या पोरांसमोर उभं राहून बोलणाऱ्या माणसाची लकब त्यांच्या वाक्यात आहे, आणि मला ती जड जाते. प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी एखादं सुभाषित येऊन बसतं. पण त्या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू आपापल्या तोंडून सांगतात. तुला आवडलं ते नेमकं काय? वहीत उतरवून ठेवलेली वाक्यं, की पोटाशी पोर धरून बाहेर पडलेली शर्मिष्ठा? हे दोन वाचक वेगळे आहेत गं. तू त्यांतली कोण, हे तू मला चार पानी पत्रात कुठेच सांगितलेलं नाहीस. नुसतं 'खूप भावली'. भावली म्हणजे काय? पान दाखव.

तुला वाटेल काकू एकच पालुपद धरून बसली. धरून बसलेय खरी, आणि त्याला कारण आहे.

वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी माझा जन्म गेला. श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' 1987 साली आली तेव्हा आमच्याकडे तिचे दोन्ही खंड एकदमच दाखल झाले. जगबुडी नदीकाठच्या खोतांची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची, चार पिढ्यांची गोष्ट, इथल्या माणसांना घरचीच. खोत घराण्यातले एक वृद्ध गृहस्थ पहिला खंड घेऊन गेले आणि थोड्याच दिवसांत तो टेबलावर आपटून म्हणाले, 'आमची बदनामी आहे ही.' त्याच महिन्यात एक मास्तरीणबाई तोच खंड परत करायला आल्या. त्यांचे वाडवडील कूळ होते, खोताला मक्ता भरण्यात आयुष्यं गेलेले. त्या म्हणाल्या, 'सगळं वाड्याच्या आतून बघितलंय. आमची माणसं अंगणापर्यंतच येतात.' एक म्हणतो खोतांना फार काळं रंगवलं, दुसरी म्हणते खोतांचंच कौतुक. मी दोघांनाही म्हटलं, पान दाखवा.

बाईंनी तिथेच उभ्याउभ्या दाखवलं. गृहस्थ खंड परत घरी घेऊन गेले, आणि आले तेव्हा त्यांनी कागदाची बारीक पट्टी घालून आणली होती. खोताचा माज दाखवणारा प्रसंग होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं, आणि म्हणाले, 'असं आमच्या ओटीवर झालेलं मी लहानपणी बघितलंय.' बदनामी हा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही. कादंबरी आवडली असंही म्हणाले नाहीत. खोतीविरुद्धचं विधेयक आंबेडकरांनी 1937 साली मांडलं, खोती नष्ट करणारा कायदा 1949 चा, आणि हा माणूस त्या सगळ्यातून जाणत्या वयात गेलेला. त्याची नावड त्याच्या ओटीवरून आलेली होती, आणि मास्तरीणबाईंची त्यांच्या अंगणातून. या दोघांतलं कुणाचं वाचन कच्चं, सांग बरं!

दुसरा खंड मी त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवला होता. तो न्यायला ते आलेच नाहीत, त्या पावसाळ्यात गेले. शेवटापर्यंत वाचून ते काय म्हणाले असते, हे मला कळायला हवं होतं. त्याची हळहळ अजून जात नाही.

आणखी एक. दर मे महिन्यात आगोटीच्या, म्हणजे पाऊस लागण्याच्या, आधी आम्ही पुस्तकं उन्हाला काढायचो, कसर झटकायची, कुबट वास घालवायचा. एका वर्षी समितीच्या मंडळींनी ठरवलं की फाटकी, रेघोट्या मारलेली, फारशी न जाणारी पुस्तकं बाद करायची आणि स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांना कपाटं मोकळी करायची. यादीत 'रथचक्र'ची आमची जुनी प्रत होती. साहित्य अकादमी मिळालेली कादंबरी, अंजर्ल्याजवळच्या मुर्डीत जन्मलेल्या पेंडशांची, आणि बाद कशासाठी तर 'आत लिहिलंय' म्हणून. मी ती उघडून दाखवली. जिला लेखकानं नावसुद्धा दिलं नाही, नुसती 'ती' म्हटलं, तिच्या हालांच्या एका परिच्छेदाशेजारी बारीक पेन्सिलीत कुणीतरी लिहिलं होतं, 'आमची आजी'. त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'इतकं कुणी सोसत नाही'. आणि त्याखाली पुन्हा पहिलं अक्षर, जरा दाबून लिहिलेलं, 'सोसलं'.

दोन बायका, एकमेकींना कदाचित कधी न भेटलेल्या, एका पानावर भांडत होत्या. ही प्रत बाद करू देणार नाही, म्हटलं. हेकट म्हणाले, म्हातारीला कपाटांचा मोह सुटत नाही म्हणाले, पुढे मला विचारायचंच बंद केलं. प्रत राहिली. आजही तीच वेळ आली तर मी तेच करीन, आणि त्याबद्दल कुणाला खुलासा देणार नाही. तुला देतेय, कारण तू विचारलंस की आवड आवड म्हणून एवढं कशाला अडून बसायचं. त्या दोघींपैकी एकीनंही 'छान कादंबरी' किंवा 'भिकार कादंबरी' असं मुखपृष्ठाच्या आत लिहून ठेवलेलं नव्हतं. तसं लिहिलं असतं तर मी ती प्रत खुशाल जाऊ दिली असती.

तुमच्या गटातल्या त्या दुसऱ्या मुलानं हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' पाल्हाळिक म्हणून सोडली, असं तू लिहितेस. सोडू दे. फक्त त्याला एवढं सांग की ती 'करमणूक' साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं आली होती, लोक आठवडाभर थांबून पुढचा भाग वाचत. एका बैठकीत चारशे पानं संपवायला बसलं तर पाल्हाळ लागणारच. यमूचं केशवपन होतं तिथे पाल्हाळ कुठे आहे ते त्यानं दाखवावं. दाखवलं, तर त्याचंही ऐकून घे. हे मात्र नक्की कर, बाय. तुला पान दाखवायला सांगतेय ते दुसऱ्याचं तोंड बंद करायला नाही. खोतांच्या त्या गृहस्थांना मी तसं विचारलं नव्हतं.

पुरे झालं. उपदेश वाढला की मला माझाच आवाज नकोसा होतो.

आता पुढच्या बैठकीला काय करायचं ते सांगते. 'ययाति' घेऊन जा. जे पान आवडलं ते मोठ्यानं वाच, आणि वाचून झालं की गप्प बस, बाजू मांडत बसू नकोस. हसायचं असेल त्यांना त्या पानावर हसू दे. मग 'कोसला' त्यांच्या हातात दे आणि म्हण, तुमचं वाचा. त्यांनी मनी वाचली तर नीट ऐक. तुझं मत बदललं तर तिथेच बोलून दाखव, नाही बदललं तरी दाखव, पण मान हलवून येऊ नकोस.

नंतर मला लिही. दोन्ही पुस्तकांचे पान क्रमांक लिही आणि आवृत्ती कुठली तेही लिही. माझ्या प्रती जुन्या आहेत, तुझं पान माझ्याकडे भलतीकडेच निघतं आणि मग सगळी दुपार शोधण्यात जाते. आमसुलं आणि कुळथाचं पीठ तुझ्या आतेभावाबरोबर पाठवतेय, डबा परत पाठव.

तुझी,
काकू