जुन्या मालकाची वीज थकबाकी नव्या मालकाने किती भरायची?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी शिक्षक. बदलीने किनवटहून लातूरला आलो आणि औसा रोड भागात एक जुनं घर विकत घेतलं. खरेदीखत झालं, ताबाही मिळाला. पण घराचं मीटर चार वर्षांपूर्वीच काढून नेलेलं होतं. ते विक्रेत्याच्या मयत वडिलांच्या नावावर होतं. वीज कार्यालयात 61,480 रुपये थकबाकी सांगतात. ‘आधी सगळी भरा, मग नव्या मीटरचा अर्ज घेऊ,’ असं म्हणतात. सध्या शेजाऱ्यांकडून वायर ओढून घेतली आहे. लाइट बिल नाही म्हणून गॅस एजन्सीही कनेक्शन देत नाही, शिवाय त्यांच्याकडूनच शेगडी घ्या म्हणते. काय करावं?

उत्तर : ताई, वीज कार्यालयाने थकबाकीचा आकडा लिहून दिलेल्या चिठ्ठीचा तुम्ही पाठवलेला फोटो मी नीट पाहिला. वहीच्या फाडलेल्या पानावर बॉलपेनने आकडा लिहिलाय. खाली सही नाही, शिक्का नाही, तारीखसुद्धा नाही. या चिठ्ठीवर एक रुपयाही भरू नका. आधी मागणी लेखी घ्या. अर्ज देऊन जुन्या ग्राहक क्रमांकाचं सीपीएल, म्हणजे खातेउतारा मागा. त्यात मीटर कधी बंद झालं, त्याआधीचं कोणत्या महिन्याचं बिल थकलं, मुद्दल किती आणि व्याज किती, हे सगळं महिनावार दिसतं. तुमचं उत्तर त्या उताऱ्यातच आहे.

आता कायदा. ‘जुन्या मालकाचं बिल आमच्यावर कसं?’ असं म्हणून पूर्ण रक्कम नाकारता येईल, असा सल्ला देणारी मंडळी तुम्हाला भेटतील. तसं आता चालत नाही. 19 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. सी. नायनन विरुद्ध केरळ राज्य विद्युत मंडळ या निकालात स्पष्ट केलं की, नियमांत तशी तरतूद असेल तर मागच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते आणि ती भरल्याशिवाय जोडणी नाकारताही येते. महाराष्ट्रात तशी तरतूद आहे. पण तिलाच एक मर्यादा जोडलेली आहे, आणि काउंटरवर नेमकी तीच सांगितली जात नाही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या 2021 च्या पुरवठा संहितेतील विनियम 12.5 प्रमाणे, वारसाच्या नावावर जोडणी होत असेल तो प्रसंग सोडला, तर नव्या मालकावर येणारी जबाबदारी जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या थकीत वीज आकारापुरतीच असते.

इथे ‘वारस’ हा शब्द जपून वाचा. मीटर वडिलांच्या नावावर होतं, म्हणून कार्यालय तुम्हालाही वारसांच्या रांगेत बसवू पाहील. वारस आहे तो विक्रेता. तुम्ही खरेदीदार आहात, तुमचा हक्क खरेदीखतातून आला आहे. अर्जासोबत खरेदीखताची आणि इंडेक्स टूची, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत लावा आणि ‘आम्ही वारस नाही, खरेदीदार आहोत’ हे एक वाक्य अर्जातच लिहा.

मीटर बंद होण्याआधीची बिलं हजार-अकराशेची असतील, तर सहा महिन्यांचे सहा-साडेसहा हजार होतात. कुठे ते आणि कुठे एकसष्ट हजार! तुमच्या आकड्यात चार वर्षांचं व्याज मिसळलेलं असणार. माझ्या मते ते सहा महिन्यांच्या वीज आकारात बसत नाही. दोन वर्षांपेक्षा जुनी थकबाकी आपोआप मुदतबाह्य होते, असंही कुणी सांगेल. विद्युत अधिनियम 2003 मधलं कलम 56(2) त्यासाठी दाखवतात. त्यावर भिस्त ठेवू नका. त्याच 2023 च्या निकालानुसार हे कलम वीज तोडण्याच्या अधिकाराला वेळेचं बंधन घालतं, वसुलीचे बाकी मार्ग त्याने बंद होत नाहीत.

घरात लहान मूल आहे, बोअरची मोटर बंद आहे असं तुम्ही लिहिलंय. 2016 साली रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात मोटर बंद असणं म्हणजे काय, हे मला वेगळं सांगायला नको. म्हणून वाद लांबवू नका. उतारा हातात आला की सहा महिन्यांची रक्कम ‘हरकत राखून’ असं लिहून भरा आणि नवीन जोडणीचा अर्ज त्याच दिवशी द्या. घरातल्या वायरिंगचा परवानाधारक ठेकेदाराकडून टेस्ट रिपोर्ट सोबत जोडा. काउंटरवर अर्ज घेतला नाही तर ऑनलाइन भरा, प्रत स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. हे का, तर जोडणीची मुदत परिपूर्ण अर्जापासूनच मोजली जाते. अधिनियमाच्या कलम 43 प्रमाणे ती एक महिन्याची आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती होऊन महानगरं वगळता इतर नगरपालिका-महापालिका क्षेत्रांसाठी ती सात दिवसांवर आणली गेली. कसूर केल्यास दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कलम 43 मध्येच आहे. तरीही टाळाटाळ झाली तर वीज कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. तिथे वकील लागत नाही, तुम्ही स्वतः उभं राहून बोलू शकता. आणि शिक्षकाला बोलायची सवय असतेच.

शेजाऱ्यांची वायर मात्र काढा, हे मी कळकळीने सांगतो. मीटर ज्या जागेसाठी मंजूर आहे तिथली वीज दुसऱ्या जागेत वापरणं हा कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो. आकारणी लागू दराच्या दुप्पट होते, आणि वापर कधीपासून होता हे कळलं नाही तर मागचे बारा महिने धरतात. अडीअडचणीत तुम्हाला हात दिला म्हणून त्या बिचाऱ्या शेजाऱ्यावर बालंट येईल.

गॅसचं सोपं आहे. पत्त्याच्या पुराव्याला लाइट बिलच हवं असं नाही. घराच्या नोंदणीची कागदपत्रं चालतात, म्हणजे तुमचं खरेदीखत. किनवटचं सिलिंडर आणि रेग्युलेटर तिथल्या एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे तिथलं कनेक्शन बंद केल्याचा कागद, घ्या. अनामत मात्र तुम्ही पूर्वी भरली तेवढीच परत मिळेल. इथे 14.2 किलोच्या सिलिंडरला 2,200 आणि रेग्युलेटरला 250 रुपये भरावे लागतील. हे दर जून 2022 पासूनचे आहेत, भरण्याआधी एकदा खात्री करून घ्या. शेगडी विकत घेण्याची सक्ती एजन्सीला करता येत नाही. तुमची शेगडी चांगली असेल तर तसं लेखी सांगा. ऐकलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

शेवटी, भरलेली रक्कम विक्रेत्याकडून वसूल करा. ‘आजपर्यंतची वीजबिलं, घरपट्टी, पाणीपट्टी विक्रेत्याने भरायची’ असं वाक्य बहुतेक खरेदीखतांत असतं. तुमच्या खरेदीखतात ते कोणत्या पानावर आहे, ते शोधा. पैसे भरल्याच्या पावतीची प्रत लावून त्यांना रीतसर नोटीस द्या. दावा करायची वेळ आलीच, तर पैसे भरल्यापासून तीन वर्षांच्या आत करावा लागेल. मूळ पावती देऊ नका, झेरॉक्सच द्या.